स्वस्त घरांचा महाग मुलूख

अमेरिकेतल्या महागाईच्या कथा आता आपल्याकडे घरोघरी पोचल्या आहेत. कोणाचा मुलगा कॅलिफोर्नियात आहे, कोणाची सून न्यू जर्सीत नोकरी करते; आणि रविवारच्या फोनवर खुशाली विचारून झाली की विषय घरभाड्यावर, पाळणाघराच्या फीवर आणि अंड्यांच्या डझनावर येतोच. त्यामुळे त्याच अमेरिकेत चाळीस-पन्नास हजार डॉलरला राहते घर, पुढे अंगण आणि मागे डोंगर, असे विकत मिळते असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटेल. पण असे मुलूख तिथे आहेत आणि ते एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत. त्यांतल्या एकाचा जमाखर्च आज मांडून पाहायचा आहे.

या मुलुखाचे नाव मॅकडॉवेल काउंटी. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, ॲपलाचियन डोंगररांगांच्या चिंचोळ्या दऱ्यांत ती वसली आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजावा. मात्र आकाराने आणि लोकसंख्येने पुष्कळदा तालुक्याएवढाच. अमेरिकेत अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. मालमत्तेची आकारणी करणे, कर गोळा करणे, शेरीफ निवडून देणे ही कामे त्या पातळीवर चालतात आणि शाळांच्या खर्चाचा मोठा वाटाही स्थानिक मालमत्ता करातून उभा राहतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

ज्यांनी १९९९ सालचा ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट पाहिला असेल त्यांनी ही काउंटी कथेच्या रूपाने पाहिलेली आहे. खाणकामगारांच्या वस्तीतली पोरे घरी रॉकेट बनवतात आणि त्यांतला एक पुढे ‘नासा’त अभियंता होतो, ती ही गोष्ट. ते कोलवूड गाव मॅकडॉवेलमधलेच. गोष्टीचा शेवट गोड आहे, पण त्यातली एक बाब आपण टाळ्यांच्या भरात विसरतो. मुलगा यशस्वी होतो तो गाव सोडून.

आता आकडे पाहू. १९५० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या ९८,८८७ होती. २०२० च्या जनगणनेत ती १९,१११ भरली. म्हणजे सत्तर वर्षांत पाचांतले चार जण गेले. आणि या १९,१११ मध्ये काउंटीतल्या तुरुंगांचे कैदीही मोजलेले आहेत, कारण अमेरिकन जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते. राहत्या घरांची किंमत पाहिली, म्हणजे सारी घरे किमतीच्या क्रमाने एका ओळीत मांडून बरोबर मधले घर निवडले, तर ती पन्नास हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याखालीच येते. देशभराचा हाच आकडा तीन लाखांच्या पुढे आहे. २०२५ साली अमेरिकेत नव्या मोटारीची सरासरी किंमत पन्नास हजार डॉलरच्या वर गेली. थोडक्यात, तिथे एका मोटारीच्या पैशांत एक घर येते.

मध्यंतरी उत्तर व्हर्जिनियात भाचीकडे मुक्कामाला होतो तेव्हा तिच्या यजमानांनी मला फोनवर अशाच एका घराची जाहिरात दाखवली होती. “मामा, आपल्या गाडीपेक्षा स्वस्त! घेऊन टाकू का?” ते गमतीने म्हणाले. भाची स्वयंपाकघरातून म्हणाली, “आधी तिथे डॉक्टर किती लांब आहे ते विचार.” मी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली आणि तारणाच्या घरांचे शेकडो कागद हाताखालून घातले, पण इतक्या कमी शब्दांत व्हॅल्युएशनचा मुद्दा कोणी मांडलेला मला आठवत नाही. त्या एका प्रश्नाच्या मागे लागूनच हा लेख लिहिला आहे.

बँकेत घर तारण घेताना दोन आकडे पाहायची रीत असते. आज ते बाजारात विकले तर किती येतील, आणि तसेच घर नव्याने बांधायचे तर किती लागतील. सहसा पहिला आकडा मोठा असतो, कारण त्यात जागेची किंमत असते. आणि जागेची किंमत म्हणजे त्या जागेच्या आसपास जे काही आहे त्याची किंमत. शाळा, दवाखाना, रोजगार, रस्ता, शेजार. जिथे हा पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा खाली जातो तिथे अनुभवी अधिकारी फाइल थोडा वेळ बाजूला ठेवतो. कारण विटा-लाकडाच्या खर्चाइतकीही किंमत येत नसेल तर त्याचा अर्थ एवढाच की आसपासच्या गोष्टींची किंमत शून्याच्या खाली गेली आहे. बाजाराने घर स्वस्त केलेले नाही. जे जे तिथून निघून गेले त्याची वजावट करून उरलेली रक्कम त्याने पाटीवर लिहिली आहे.

मॅकडॉवेलमधून काय काय निघून गेले? सगळ्यात आधी गेला रोजगार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या डोंगरांत शिरली आणि तिच्यामागोमाग पोकाहोंटास पट्ट्यातल्या खाणी उघडल्या. इथला कोळसा कमी धुराचा. आरमाराच्या बोटींना तो हवा असे आणि त्यापासून होणारा कोक पोलादाच्या भट्ट्यांना. युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने गॅरी नावाची अख्खी वसाहत उभारली. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, पाण्याचे नळही कंपनीचे. १९५० नंतर कोळसा कापणारी यंत्रे आली आणि तेवढाच कोळसा काढायला माणसे कमी लागू लागली. संघटनेनेही यांत्रिकीकरण मान्य केले. उरलेल्यांना चांगला पगार मिळावा हा त्यामागचा हिशेब. त्यापुढे १९८० च्या दशकात अमेरिकन पोलाद उद्योगच खचला आणि गॅरीच्या खाणी बंद पडल्या. कोळसा अजूनही निघतो, नाही असे नाही; पण त्यावर लाखभर माणसे जगण्याचे दिवस परत आले नाहीत.

खाणी गेल्या, पण जमीन लोकांच्या हाती आली नाही. काउंटीतल्या जमिनीचा फार मोठा भाग बाहेरच्या कंपन्यांच्या मालकीचा राहिला. डोंगर त्यांचा, आणि दरीच्या तळाशी ओढ्याच्या काठाने जी चिंचोळी पट्टी उरते तीवर लोकांची घरे. म्हणजे बांधायला जागा जिथे आहे तिथेच पूर येतो. २००१ च्या जुलैत आला, २००२ च्या मे महिन्यात पुन्हा आला आणि अलीकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये असा आला की माणसे दगावली, घरे गेली आणि केंद्र सरकारला आपत्ती जाहीर करावी लागली. पूररेषेत घर असेल आणि सरकारी हमीचे कर्ज हवे असेल तर पुराचा विमा सक्तीचा असतो. घराची किंमत उतरली म्हणून विम्याचा हप्ता त्याच प्रमाणात उतरत नाही.

कर्जाची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. वाचकांना वाटेल, एवढेसे घर, एवढेसे कर्ज, कोणतीही बँक आनंदाने देईल. प्रत्यक्षात उलटे घडते. चाळीस हजारांच्या कर्जाला कागदपत्रांचा, तपासणीचा, मूल्यांकनाचा खर्च चार लाखांच्या कर्जाएवढाच येतो आणि व्याज मात्र दहावा हिस्सा मिळते. म्हणून लहान रकमेची गृहकर्जे द्यायला अमेरिकन बँका नाखूश असतात, हा तिथल्या अभ्यासकांनी वारंवार मांडलेला मुद्दा आहे. आमच्याही क्षेत्रात हे सर्वांना ठाऊक असते, बोलून कोणी दाखवत नाही. परिणाम असा की स्वस्त घर रोखीनेच घ्यावे लागते आणि ज्याच्यापाशी रोख नाही त्याला ते स्वस्त असूनही मिळत नाही. छप्पर गळू लागले तर दुरुस्तीला कर्ज नाही, कारण दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या अंगावर येतो. त्यात घर आजोबांच्या नावावर आणि वारस सहा राज्यांत पांगलेले असतील तर पुरानंतरच्या मदतीसाठी मालकीचा पुरावा जमवता जमवता माणूस मेटाकुटीला येतो.

रोजगारानंतर दुकान गेले. वेल्श हे काउंटीचे मुख्य गाव. तिथून जवळ किंबॉल येथे २००५ मध्ये वॉलमार्टचे मोठे दुकान उघडले. मोठे दुकान आले की गावातली लहान दुकाने मिटतात, हा जगभरचा अनुभव. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने जगभरातली २६९ दुकाने बंद करण्याचे ठरवले आणि त्यांत किंबॉलचे दुकान होते. सव्वाशेहून अधिक नोकऱ्या एका फटक्यात गेल्या. गरजूंना फुकट धान्य वाटणाऱ्या स्थानिक संस्थेला त्याच दुकानातला उरलेला माल मिळत असे, तोही थांबला. आता डबाबंद वस्तूंची छोटी डॉलर-दुकाने आहेत; पण ताज्या भाजीपाल्यासह महिन्याचा सगळा बाजार एका ठिकाणी करायचा तर डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने तासाभराचा प्रवास. आंतरराज्य महामार्ग या काउंटीतून जातच नाही.

याचा हिशेब घालून पाहू. एका फेरीला जाऊन-येऊन सत्तर मैल धरले. अमेरिकन आयकर खात्याने २०२५ सालासाठी कामाच्या प्रवासाला मैलामागे सत्तर सेंट खर्च मान्य केला होता; त्यात पेट्रोल, झीज, विमा सगळे आले. म्हणजे एका बाजारफेरीचे ४९ डॉलर. आठवड्याला एक फेरी धरली तर वर्षाचे अडीच हजारांहून थोडे अधिक. या काउंटीत कुटुंबाचे मधले वार्षिक उत्पन्न तीस हजार डॉलरच्या आसपास आहे. तेव्हा बारातला एक डॉलर केवळ किराणा आणायला जाण्यात खर्च होतो. जुनी गाडी वापरली, शेजाऱ्यांनी मिळून एक फेरी केली तर हा आकडा खाली येतो, हे खरे. पण शहरातल्या माणसाला हा खर्च मुळातच नसतो आणि महागाईच्या कोणत्याही कोष्टकात पावाची किंमत लिहिताना तिथपर्यंत जाण्याचे भाडे लिहिलेले नसते.

पाण्याचीही तीच कथा. कंपन्यांनी आपल्या वसाहतींसाठी घातलेले नळ कंपन्या गेल्यावर गावांच्या गळ्यात पडले. शंभर वर्षे जुने पाइप आणि कर भरणारी घरे मूठभर. कीस्टोन या गावात ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना थोडीथोडकी नव्हे, सुमारे दशकभर लागू होती. पुष्कळ जण रस्त्याकडेच्या झऱ्यावर किंवा जुन्या खाणीतून वाहणाऱ्या पाइपावर प्लास्टिकचे कॅन भरताना दिसतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात पिण्याचे पाणी विकत आणावे लागते आणि नळाचे बिल वेगळे भरावे लागते.

आणि शिक्षक? इथे तो मालमत्ता कराचा मुद्दा येतो. घरांच्या किमती पडल्या की कर पडतो, कर पडला की शाळा राज्याच्या मदतीवर अवलंबून राहतात. शिवाय शिक्षक मिळत नाहीत. मिळाले तर टिकत नाहीत. का टिकत नाहीत, याचे एक कारण कळल्यावर मी चकित झालो. त्यांना राहायला घर मिळत नाही! देशातली जवळजवळ सर्वांत स्वस्त घरे जिथे आहेत तिथे पगारदार माणसाला भाड्याने घेता येईल असे धड घर सापडेना. मोकळी घरे ढासळलेली, आणि नवे बांधावे तर खर्च निघत नाही. अखेर अमेरिकन शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने २०११ पासून तिथे जो उपक्रम चालू झाला त्यात वेल्शमध्ये शिक्षकांसाठी सदनिकांची इमारत उभारण्याचे काम हाती घ्यावे लागले. स्वस्ताई आणि टंचाई एकाच गल्लीत कशा नांदतात हे याहून स्पष्ट दिसणार नाही.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. डॉक्टर किती लांब? वेल्शमध्ये इस्पितळ आहे, परंतु मोठ्या तज्ज्ञांसाठी बाहेरच जावे लागते. गावातले दुसरे एक जुने इस्पितळ बंद पडले आणि त्या इमारतीत पुढे तुरुंग झाला. २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दोन काउंट्यांची तुलना छापली होती. एक वॉशिंग्टनला लागून असलेली व्हर्जिनियातली सधन फेअरफॅक्स, जिथे आपली मराठी मंडळीही पुष्कळ आहेत, दुसरी मॅकडॉवेल. दोहोंत अंतर सुमारे साडेतीनशे मैलांचे. फेअरफॅक्समध्ये पुरुषाचे सरासरी आयुर्मान ८२ वर्षे, मॅकडॉवेलमध्ये ६४. अठरा वर्षांचा फरक! याला एकटा दवाखाना कारण नाही. खाणीतल्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग आहे, मधुमेह आहे, तंबाखू आहे आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने या राज्यात घातलेला हैदोस आहे. २०१६ मध्ये तिथल्या एका वृत्तपत्राने शोधून काढले की सहा वर्षांत या छोट्या राज्यात अशा ७८ कोटी गोळ्या आल्या होत्या. शिवाय धडधाकट माणसे गाव सोडतात आणि आजारी मागे राहतात, हेही आकड्यात येते. तरीदेखील बँकेच्या माणसाला हा फरक पाहून एकच भाषा सुचते. फेअरफॅक्समधला माणूस घराचे हप्ते डॉलरमध्ये फेडतो, मॅकडॉवेलमधला वर्षांमध्ये.

जगण्याचा खर्च मोजण्याच्या रीती अमेरिकेत अनेक आहेत. एका रीतीत ठरावीक वस्तूंची टोपली घेऊन गावोगावच्या किमती ताडून पाहतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभ्यासकांनी काउंटीवार आणखी एक गणित मांडले आहे. एखाद्या कुटुंबाला कोणाची मदत न घेता नीट जगायला तासाला किती मजुरी लागेल, याचे. त्यात एक गोष्ट ध्यानात येते. खेड्यात भाडे उतरते, पण मोटार, औषधपाणी, अन्न, मूल सांभाळणे हे खर्च त्या मानाने उतरत नाहीत. ज्येष्ठ नागरिकांच्या ‘एएआरपी’ या संस्थेने २०१५ पासून राहण्याजोगेपणाचाच निर्देशांक काढला आहे. घर, परिसर, वाहतूक, पर्यावरण, आरोग्य, लोकसहभाग आणि संधी अशा सात बाजूंनी तो गुण देतो. ही दुसरी रीत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती दुकानात काय महाग आहे एवढेच न पाहता दुकान आहे का, हे विचारते.

मग जिथे सगळे आहे तिथे काय होते? त्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाची एक ग्रामीण काउंटी पाहण्यासारखी आहे. वायोमिंग राज्यातली टीटन. लोकसंख्या २०२० मध्ये २३,३३१, म्हणजे मॅकडॉवेलहून फार वेगळी नाही. डोंगर तिथेही आहेत. पण त्यांवर बर्फ आहे, राष्ट्रीय उद्याने आहेत, आणि राज्यात आयकर नाही. काउंटीतली सुमारे ९७ टक्के जमीन सरकारच्या ताब्यात, तेव्हा बांधायला जागा नाही. त्यामुळे देशभरचे कोट्यधीश तिथे घरे घेतात आणि दरडोई उत्पन्नात ही काउंटी सबंध अमेरिकेत पहिली येते. ते उत्पन्न पगाराचे कमी, व्याजाचे आणि लाभांशाचे अधिक. तिथे साधे स्वतंत्र घर घ्यायचे तर किंमत लाखांत सांगत नाहीत, दशलक्षांत सांगतात.

पण इस्पितळातली परिचारिका, शाळेतला शिक्षक, हॉटेलातला आचारी आणि बर्फ साफ करणारा ड्रायव्हर तिथे राहूच शकत नाहीत. ते घाट ओलांडून शेजारच्या आयडाहो राज्यातून रोज येतात. जून २०२४ मध्ये या टीटन घाटातला रस्त्याचा एक तुकडा दरीत कोसळला आणि तात्पुरता रस्ता होईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे या लोकांना तासाहून अधिक वेळाचा वळसा पडला. जगातल्या अतिश्रीमंतांची ती वस्ती कोणाच्या खांद्यावर उभी आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसले. एका काउंटीत घर परवडते आणि जगणे परवडत नाही; दुसरीत जगणे सुरेख, पण घर परवडत नाही. ज्याचे पोट हातावर आहे त्याला दोन्हीकडे गाडीतच आयुष्य काढावे लागते.

शहरी वाचक इथे विचारील, मग मॅकडॉवेलमधली माणसे उठून दुसरीकडे का जात नाहीत? अर्थशास्त्रज्ञही हाच सल्ला देत आले आहेत. जी तरुण होती ती गेलीच. उरलेल्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. समजा एका निवृत्त खाणकामगाराचे घर पस्तीस हजारांना विकले गेले. एवढ्या पैशांत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात त्याला मोटार ठेवायची खोलीसुद्धा येणार नाही. भाड्याने राहायचे तर ती रक्कम दोन वर्षांत संपेल. गावात त्याच्या डोक्यावर छप्पर आहे, कर्ज नाही, पेन्शन येते. खाणकामगारांचा तो पेन्शन फंड बुडायला आला होता; डिसेंबर २०१९ मध्ये काँग्रेसने कायदा करून वाचवला. तेव्हा स्वस्त घर त्याला तगवते आणि तेच त्याला बांधूनही ठेवते. आत शिरायला दार रुंद आणि बाहेर पडायला अरुंद अशी ही वास्तू आहे.

दुसरे कारण कोणत्याच निर्देशांकात नाही. मी त्या भागातून एकदा मोटारीने गेलो आहे. ब्लूफील्डकडून वेल्शला जाणारा रस्ता नॉर्थफोर्क, कीस्टोन, किंबॉल अशा गावांतून जातो. काचा फुटलेल्या इमारती आणि वेलींनी गिळलेली घरे पाहून मन उदास होते. पण त्याच ओळीत एखादे घर असे येते की ओसरीला नवा रंग, खिडकीत फुलांच्या कुंड्या, आणि अंगणात शेजारच्या तीन घरांच्या गाड्या. किंबॉलमध्ये १९२८ साली बांधलेले स्मारकभवन आहे, पहिल्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी. आगीत त्याचे सांगाडे उरले होते ते लोकांनी पुन्हा उभे केले. चर्च आहे, टेकडीवर वाडवडिलांची दफनभूमी आहे. मूल सांभाळायला आजी आहे, छपराला हात लावायला मेहुणा आहे, इस्पितळात न्यायला चुलतभाऊ आहे. ही देवघेव पैशांत होत नाही, म्हणून मोजली जात नाही. गाव सोडणाऱ्याला या प्रत्येक गोष्टीसाठी परक्या शहरात बिल भरावे लागते. तेव्हा निर्देशांक दोन्ही बाजूंनी चुकतो. जे नाही त्याची तूट तो धरत नाही, आणि जे आहे त्याची जमाही नाही.

सरकारचे काय, असा प्रश्न उरतो. मॅकडॉवेलचा यातही एक ऐतिहासिक मान आहे. १९६० च्या प्राथमिक निवडणुकीत जॉन केनेडी या राज्यात हिंडले आणि इथली उपासमार पाहून हादरले. अध्यक्ष होताच त्यांनी अन्नमदतीचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. त्यातले पहिले फूड स्टॅम्प २९ मे १९६१ रोजी वेल्शमध्येच एका मोठ्या खाणकामगार कुटुंबाला दिले गेले. रक्कम होती ९५ डॉलर. आज पासष्ट वर्षे होत आली. काउंटीतल्या एकूण उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा पेन्शन, अपंग-भत्ता, आरोग्यमदत आणि अन्नमदत अशा सरकारी वाटांनी येतो. कोळशाच्या जागी दुसरा उद्योग आला नाही. आली ती मदत.

आणि आता तीच डळमळू लागली आहे. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने अन्नमदत घेणाऱ्यांवर कामाची अट चौसष्ट वर्षांपर्यंत वाढवली आणि तिच्या खर्चाचा काही भार राज्यांवर टाकायचे ठरवले. गरिबांच्या आरोग्यमदतीतही मोठी कपात केली. ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत ५० अब्ज डॉलरचा निधी दिला, पण तो कपातीच्या मानाने तोकडा आहे. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरकारी कामकाज ठप्प झाले तेव्हा अन्नमदत देशभर रखडली. काम करा म्हणणे सोपे आहे. जिथे तासाभराच्या परिघात काम नाही आणि बस नाही, तिथे ही अट काम देत नाही, फक्त मदत काढून घेते. ज्या मतदारांनी या सरकारला भरभरून मते दिली त्यांच्यातलीच ही काउंटी आहे, हेही नोंदवले पाहिजे. पण त्यावरून टोमणे मारणाऱ्यांनी आधी पन्नास वर्षे तिथे राहून पाहावे.

एक आशेची वाट म्हणून घरबसल्या नोकरीचे नाव घेतले जाते. वेस्ट व्हर्जिनियाने २०२१ पासून बाहेरून राहायला येणाऱ्या अशा नोकरदारांना १२ हजार डॉलर देण्याची योजना चालवली. हजारो अर्ज आले. पण योजनेने सुरुवातीला जी गावे निवडली त्यांत मॉर्गनटाउनसारखे विद्यापीठाचे गाव होते, वॉशिंग्टनच्या बाजूचा भाग होता, लुइसबर्गसारखे देखणे गाव होते. म्हणजे जिथे आधीच काहीतरी आहे तिथे माणसे बोलावली. केवळ स्वस्ताई हे कोणाला बोलावण्याचे कारण होऊ शकत नाही, हे योजना आखणाऱ्यांनाही कळले होते. मॅकडॉवेलच्या वाट्याला आल्या त्या डोंगरवाटांवर धूळ उडवणाऱ्या चारचाकी एटीव्ही गाड्या. हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स या नावाने २००० सालापासून उघडलेल्या वाटांवर पर्यटक येतात, काही जुन्या घरांत त्यांच्यासाठी खोल्या झाल्या आहेत. चार पैसे येतात. पण हंगामी पाहुण्याला शाळा लागत नाही आणि प्रसूतिगृहही लागत नाही.

या सगळ्यात आपला एक धागा आहे. अमेरिकेत शिकायला गेलेल्या परदेशी डॉक्टरांना शिक्षणानंतर मायदेशी दोन वर्षे परतण्याची अट असते. १९९४ पासून एका योजनेखाली ही अट माफ होते, डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षे काम केले तर. या योजनेतून कित्येक भारतीय डॉक्टर, त्यांत आपल्या मराठी मुला-मुलीही, ज्या गावाचे नाव नकाशात शोधावे लागते अशा ठिकाणी जाऊन बसले. अशा ठिकाणी दाराशी पुरणपोळीची ऊठबस करणारे मराठी मंडळ नसते. तीन वर्षे संपली की बहुतेक जण शहर गाठतात, त्यांना दोष देता येत नाही. काही मात्र राहिले, त्यांची मुले तिथल्या शाळेत शिकली. गावाच्या दृष्टीने त्या एका डॉक्टरच्या राहण्याने घरांची किंमत जेवढी वाढते तेवढी कोणत्याही सवलतीने वाढत नाही. भाचीचा प्रश्न म्हणूनच व्हॅल्युएशनचा होता.

ज्यांची मुले तिकडे घर शोधत आहेत, किंवा फोनवर आलेली स्वस्त घराची जाहिरात पाहून ज्यांचे डोळे चमकले आहेत, त्यांना एका जुन्या बँकवाल्याचे चारच प्रश्न सुचवतो. दवाखाना किती मिनिटांवर आहे? नळाचे पाणी घरमालक स्वतः पितो का? गावात बँक या घरावर कर्ज देते का, आणि नसेल देत तर का? आणि गेल्या दहा वर्षांत राहायला आलेले जास्त की गेलेले? या चारांची उत्तरे मिळाली की किमतीचा आकडा आपोआप वाचता येतो. मॅकडॉवेलमधली माणसे हे प्रश्न कधीच विचारत बसली नाहीत. त्यांच्या वाट्याला उत्तरेच आली. एके काळी त्यांच्या कोळशाने देशाची युद्धनौका आणि पोलाद चालले. त्या देशाने त्यांना पाणी, रस्ता आणि डॉक्टर एवढे दिले तर ती मदत म्हणू नये. बँकेच्या भाषेत ती थकबाकी आहे.